पुरातून वाचलेल्या पोरांना संशोधनाचा काय उपयोग? एका बाईंच्या प्रश्नाचं उत्तर

बाई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या खाडीकडच्या एका गावात सहावीला शिकवता. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा तुमच्या वर्गातली पोरं पहिली-दुसरीत होती, आणि अजूनही पाऊस जोरात लागला की त्यातली दोघं-तिघं फळ्याकडं न बघता खिडकीकडं बघत बसतात, एक मुलगी तर अशा दिवशी शाळेतच येत नाही. मध्यंतरी एका ट्रेनिंगला ‘एव्हिडन्स बेस्ड, एव्हिडन्स बेस्ड’, म्हणजे संशोधनाचा पुरावा असेल तेच करा, असं ऐकून तुम्हाला वैताग आला आणि तुम्ही विचारलंत की इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांवरचे पेपर वाचून आमच्या पोरांचं काय भलं होणार, इथं तर मुलांचा मानसोपचार डॉक्टर गाठायचा म्हणजे अख्खा दिवस एसटीत जातो.

प्रश्न रास्त आहे, मीही एकेकाळी हेच म्हणायचे. मी बावीस वर्षं याच पट्ट्यात मुलांच्या मानसिक त्रासावर काम करतेय, चिपळूण, गुहागर, खेड, अधूनमधून महाड-पोलादपूर, आणि पेपर वाचायची सवय मला हौसेनं लागलेली नाही, एका चुकीतून लागलीय. ती चूक आधी सांगते.

२००५ चा २६ जुलै. मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण त्याच पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव अशा गावांवर दरडी आल्या हे मुंबईकर विसरले. मी तेव्हा नवीन, उत्साह उतू जात होता, आणि आम्ही चौघं-पाच जण एका शाळेतल्या छावणीत गेलो. मुलांना गोल बसवलं, कागद आणि खडू दिले आणि सांगितलं, त्या रात्री काय काय झालं ते एकेकानं सांगायचं, चित्र काढायचं, रडू आलं तर रडायचं, मोकळं व्हायचं. एका मुलानं त्याच्या काकाला चिखलातून कसं काढलं ते सगळं सांगितलं, हात कुठं होता, तोंडात काय होतं, सगळं. शेजारी एक अकरा वर्षांची मुलगी बसली होती. ती स्वतः तशी वाचलेली, तिच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं. त्या रात्रीपासून ती झोपेत किंचाळायला लागली आणि पुढं कित्येक महिने त्या मुलाला बघितलं की वाट बदलायची. तिची आई मला म्हणाली, “तुमी यायच्या आदी आमची पोर बरी व्हती वो.” आणि आम्ही अहवालात काय लिहिलं? मुलं मोकळी झाली.

आता आपल्याकडं ‘बोलून टाक, मोकळी हो’ हे इतकं मुरलेलं आहे की यात काही चुकत असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. मला तरी कुठं आली. नंतर एका सरांनी मला झापलं आणि वाचायला लावलं. या प्रकाराला डीब्रीफिंग म्हणतात, घटना घडल्या घडल्या एकाच बैठकीत सगळं बोलून घेणं. ब्रिटनमध्ये १९९७ साली बिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या मोठ्या माणसांवर हे तपासलं होतं, काहींचं डीब्रीफिंग केलं, काहींचं नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून. तेरा महिन्यांनी बघितलं तर ज्यांच्याकडून बोलून घेतलं त्यांच्यात पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागं राहणारा धसक्याचा आजार, २६ टक्के आणि ज्यांना काहीच केलं नव्हतं त्यांच्यात ९ टक्के. मग २००६ मध्ये स्टॅलार्ड यांनी रस्त्यावरच्या अपघातात सापडलेल्या १५८ मुलांवर बघितलं, ७ ते १८ वयाची. अर्ध्यांचं डीब्रीफिंग, अर्ध्यांशी नुसत्या साध्या गप्पा, अपघाताचा विषयच नाही. काही महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते.

माझ्या दृष्टीनं सगळी मेख या दुसऱ्यात आहे, म्हणून जरा थांबा इथं. दोन्ही गट सुधारले. म्हणजे समजा मी फक्त डीब्रीफिंगवाली मुलं बघितली असती तर मी छातीठोकपणे म्हणाले असते की बघा, माझ्या बैठकीनं पोरं बरी झाली. ती तशीही बरी होणार होती. शेजारी दुसरा गट ठेवला नसता तर हे कधी कळलंच नसतं, आणि आपण गावागावात जे करतो त्याच्या शेजारी दुसरा गट कधीच नसतो, म्हणून आपल्याला आपलं सगळंच लागू पडल्यासारखं वाटतं. भगतालाही असंच वाटतं, आणि त्याचंही काही खोटं नसतं, पोरं बरी झालेली त्यानंही बघितलेली असतात.

तर बाई, पहिला उपयोग हा, आपण चांगल्या मनानं जे करत सुटतो त्यातलं काय थांबवायचं ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शनात घटनेनंतरच्या ताणासाठी डीब्रीफिंग करू नका असं लिहिलं, आणि मुलांना या ताणासाठी झोपेच्या-शांतवणाऱ्या गोळ्या, म्हणजे बेंझोडायझेपाइन गटातल्या, देऊ नका असंही लिहिलं. हे दुसरं मुद्दाम सांगते कारण २०२१ ला पुरानंतर मी स्वतः आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या हातात अशा गोळ्यांची अर्धी पट्टी बघितलीय, कुणीतरी ‘झोप लागू दे’ म्हणून दिलेली.

मग पहिल्या आठवड्यात करायचं काय? फार साधं. कोरडे कपडे, आई-बापाजवळ झोपायला जागा, मूल हरवलं असेल तर माणसाशी गाठ घालून देणं, वह्या-पुस्तकं, शाळा लवकर चालू करणं. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं, खणून काढायचं नाही. अंथरुणात लघवी होत असेल तर मारायचं नाही, चिडवायचं नाही, आईला सांगायचं की हे धसक्यानं होतं आणि बहुतेकांचं जातं. धसका हा आपला शब्द मला ट्रॉमापेक्षा बरा वाटतो, पोरानं धसका घेतलाय म्हटलं की आजीलाही लगेच कळतं.

आता दुसरा उपयोग, आणि तुमच्या वर्गासाठी हाच महत्त्वाचा. कुठली पोरं आणि कधी.

जगभरचे अभ्यास एकत्र करून अलिसिक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हिशोब मांडला, भयंकर प्रसंगातून गेलेल्या मुलांपैकी साधारण १६ टक्क्यांना पीटीएसडी होतो. म्हणजे शंभरातली चौऱ्याऐंशी पोरं त्या टोकाला जात नाहीत. हे मी मुद्दाम सांगते कारण पुरानंतर जो येतो तो अख्ख्या शाळेलाच ‘ट्रॉमाटाइज्ड’ म्हणून मोकळा होतो. पण आपल्याशी जास्त जुळणारा अभ्यास ओडिशातला आहे. १९९९ च्या ऑक्टोबरातल्या महाचक्रीवादळानंतर वर्षभरानं निळमाधव कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४७ मुलं तपासली. ३०.६ टक्क्यांना पीटीएसडी. आणि आई-बापांना किंवा शिक्षकांना ‘या मुलाचं काहीतरी बिनसलंय’ असं किती मुलांबद्दल वाटलं होतं? ७.२ टक्के.

हा आकडा मी माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलाय. कारण शाळेत जाऊन ‘कुणाला त्रास आहे का हो’ विचारलं की गुरुजी वर्गातली दंगेखोर चार पोरं काढून देतात. धसका घेतलेलं पोर दंगा करेलच असं नाही, बरेचदा ते एकदम गुणी होतं. बाईंचं ऐकतं, घरात आईला मदत करतं, धाकट्या भावाला सांभाळतं, कुणाला तोशीस लागू देत नाही. आपल्याकडं तर असं पोर म्हणजे ‘समजूतदार झालं हो पुरानंतर’.

आणि कधी, तर हिलर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असे अभ्यास एकत्र केले ज्यात त्याच मुलांना पुन्हा पुन्हा तपासलं होतं. पहिल्या सहा महिन्यांत पीटीएसडीचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं, आपोआप. सहा महिन्यांनंतर मात्र ते फारसं हलत नाही. आता हे आपल्या कॅलेंडरवर बसवून बघा. पूर २२ जुलैचा. चादरी, भांडी, समुपदेशनाची शिबिरं, फोटो, सगळं ऑगस्टमध्ये, फार तर गणपतीपर्यंत. आणि ज्या पोरांना खरंच उपचार लागणार ती वेगळी कळायला लागतात जानेवारीत, तेव्हा गावात चिटपाखरू नसतं. मग जून येतो, मिरगाचा पहिला पाऊस पत्र्यावर वाजतो आणि ज्याचं थोडं शिल्लक होतं त्याचं पुन्हा उसळतं. म्हणून मी आता कुठल्याही आपत्तीनंतर सांगते, शिबिराचे पैसे ऑगस्टात सगळे संपवू नका, थोडे जानेवारीला आणि थोडे पुढच्या जूनला ठेवा. फार कमी लोक ऐकतात.

तुमच्या पोरांना तर वर्षं उलटून गेलीत. म्हणजे ‘मोठी झाली की विसरतील’ या आशेवर थांबण्यात आता अर्थ नाही.

एक मुलगा सांगते, दोन-तीन मुलांचं मिळून एक केलंय, ओळख लागू नये म्हणून. बंड्या म्हणू त्याला. नऊ वर्षांचा, बाप मुंबईला चाकरमानी, घरात आई, आजी आणि तो. पुराच्या पहाटे तिघं पोटमाळ्यावर चढून बसली, दुपार उलटून गेल्यावर बोटीनं काढलं. पुढच्या पावसाळ्यात आई घेऊन आली, तक्रार काय, तर पोर संध्याकाळी दप्तर पिशवीत घालून पोटमाळ्यावर ठेवतं, रात्री चार-चार वेळा उठून पडवीत जातं आणि पायरी बघून येतं. अंगारा लावून झाला होता, दृष्ट काढून झाली होती, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून झालं होतं. मी त्यावर काही बोलत नाही, घरातलं माणूस आपल्यासाठी काहीतरी करतंय एवढं पोराला कळलं तरी बरंच असतं, आणि घरच्यांचा आधार मिळणं न मिळणं यानं पुढं फरक पडतो हे अभ्यासातही पुन्हा पुन्हा येतं. फक्त धुरी, मारहाण, उपाशी ठेवणं आलं की मी आडवी येते, २०१३ पासून त्याविरुद्ध जादूटोणाविरोधी कायदाही आहे.

बंड्याला मी आठ प्रश्न विचारले. क्रीस-८ नावाची यादी आहे, आठ वर्षांवरच्या मुलांसाठी, चिल्ड्रन अँड वॉर फाउंडेशनवाल्यांची, फुकट वापरता येते. नको असताना तो प्रसंग मनात येतो का, त्याची आठवण होईल अशा जागा टाळतोस का, असे प्रश्न. ‘कधीच नाही’ला शून्य, ‘क्वचित’ला १, ‘कधीकधी’ला ३, ‘बरेचदा’ला ५. जास्तीत जास्त बेरीज ४०, आणि १७ किंवा त्याच्या वर गेली की नीट तपासायचं. १७ म्हणजे आजार ठरला असं नाही, ताप आहे एवढंच कळलं, कशाचा ते पुढं बघायचं. आणि हे मराठीत विचारताना जपायला लागतं. ‘डोळ्यांपुढं चित्रं येतात का’ असं विचारलं की आमची पोरं म्हणायची, हो, कुठलं काढू? आता मी विचारते, “बघायचं नसताना पण दिसतं काय रे?” लगेच कळतं. भीती किती हे विचारायला पुस्तकात थर्मामीटरचं चित्र असतं, तर कोरोनानंतर थर्मामीटर म्हटलं की पोरं कपाळ पुढं करायची, म्हणून आम्ही माड घेतला. माडावर चढायच्या खाचा असतात ना, दहा खाचा काढल्या, भीती कितव्या खाचेवर चढलीय ते दाखव. परदेशातली पद्धत कोकणात चालेल का म्हणून विचारलंत, तर बघा, खाली काय मोजायचं ते त्यांचं, माड आपला.

उपचाराची जी पद्धत मुलांमध्ये सगळ्यात जास्त तपासली गेलीय ती ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, म्हणजे धसक्यासाठीचा, विचार आणि वागण्यावर काम करणारा बोलण्याचा उपचार, अमेरिकेतल्या कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंजर यांनी बसवलेली, साधारण बारा ते सोळा बैठका, आणि त्यात आई-बापांचा वाटा मोठा. आधी पोराला आणि आईला समजावणं की हे असं का होतं, मग श्वास आणि शरीर सैल सोडायला शिकवणं, मग मनात येणारे विचार ओळखणं, आणि हे सगळं हाताशी आल्यावरच प्रसंगाची गोष्ट, ती पण हळूहळू, पोराच्या वेगानं, वहीत पान पान करून. २००५ ला मी जे केलं त्यात आणि यात फरक काय असं कुणीही विचारेल, दोन्हीकडं बोलणंच तर आहे. फरक हा की तिथं मी पोहायला न शिकवता खाडीत ढकललं होतं, ते पण दुसऱ्याच्या अंगावर.

सहाव्या बैठकीत बंड्यानं गोष्टीतलं एक पान लिहायचंच टाळलं. पाणी पडवीत आलं, आजी ओरडली, आणि एकदम बोट आली. मधले सगळे तास गायब. मी विचारलं, इथं माड किती? त्यानं नववी खाच दाखवली. पुढच्या बैठकीत कळलं की पडवीच्या खांबाला कुत्रा बांधलेला होता. संध्याकाळी त्यानंच बांधला होता, कारण सोडला की तो रस्त्यावर जायचा आणि एसटीखाली येईल म्हणून आजी ओरडायची. वरून त्याला त्याचा आवाज ऐकू येत होता, आणि मग येईनासा झाला. घरात फ्रीज गेला, शिलाई मशीन गेलं, भाताची कणगी गेली, पंचनाम्यात सगळं लिहिलं गेलं. कुत्र्याचं कुणी विचारलंच नाही, आणि त्यानं सांगितलं नाही कारण त्याच्या हिशोबात तो खून होता. आम्ही सगळे समजत होतो की पोर पाण्याला घाबरतंय.

मग काम कुठं करायचं ते कळलं. कुत्रा का बांधलास, त्याला वाचवायला. त्या संध्याकाळी पाणी येणार हे तुला माहीत होतं? नव्हतं. आजीला? नव्हतं. तलाठ्याला, पोलिसाला, टीव्हीवाल्याला? मग तुलाच कसं माहीत असायला हवं होतं रे? हे मी एकदा सांगून भागत नाही, पोरानं स्वतः एकेकाचं नाव घेत तिथपर्यंत पोचावं लागतं. शेवटी त्यानं ते पान लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं, आई रडली, त्याला म्हणाली की मला वाटलं तू कुत्र्याला विसरलास. दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होती.

पाण्याचं काम त्यानंतर सोपं गेलं. मोबाइलवर पावसाचा आवाज, मग पत्र्याखाली उभं राहून, मग डिसेंबरात नदीवर, मग जूनमध्ये भरतीच्या वेळेला बापाबरोबर. पण इथं पुस्तकापासून थोडं वेगळं वागावं लागतं. पुस्तकातलं मूल कुत्रा चावल्यावर सगळ्याच कुत्र्यांना घाबरतं, त्याला शिकवायचं की बहुतेक कुत्रे चावत नाहीत. चिपळूणच्या पोराला मी कुठल्या तोंडानं सांगू की पूर येणार नाही? म्हणून आम्ही घरातला बेत ठरवला. कुठल्या खुणेला पाणी आलं की सामान उचलायचं, कुणाला फोन, कुठं जायचं, जनावर कधी सोडायचं. ही शेवटची ओळ त्यानं स्वतः घातली. मग दप्तर पोटमाळ्यावर ठेवायचं, पण ती खूण आली तरच, रोज नाही.

आता एक गोष्ट जी ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. सिद्ध झालेली पद्धत सुद्धा सगळीकडं सारखी लागू पडत नाही. श्रीलंकेच्या उत्तर भागात टोल आणि सहकाऱ्यांनी शाळेत गटानं घ्यायचा एक कार्यक्रम ३९९ मुलांवर तपासला, २०१२ मध्ये छापून आला. काही मुलांना काही बाबतीत फायदा झाला, पण पीटीएसडीच्या लक्षणांत कार्यक्रमातल्या मुली नुसत्या वाट बघत थांबलेल्या मुलींपेक्षा कमी सुधारल्या. त्याच देशात त्सुनामीनंतर कटानी आणि सहकाऱ्यांनी छावणीतल्या ३१ मुलांवर दोन पद्धती लावून बघितल्या, एकीत प्रसंगाची सविस्तर गोष्ट बांधायची, दुसरीत ध्यान आणि शरीर सैल सोडणं, आणि दोन्हीकडं बहुतेक मुलं सुधारली. एकतीस मुलं म्हणजे फार नाहीत, त्यावरून कोणती श्रेष्ठ ते ठरत नाही. पण मी यातून एवढं घेतलं की जिथं शिकलेलं माणूस नाही तिथं पोरांकडून गोष्ट काढून घेण्याच्या भानगडीत पडू नये, झोप, श्वास, खेळ आणि दिनक्रम यावर काम केलं तरी वाया जात नाही. बाई, हे तुमच्यासाठी. वर्गात सगळ्यांसमोर पुराची आठवण लिहा असा निबंध कृपा करून देऊ नका. दर जुलैत कुणीतरी देतंच.

डॉक्टर नाही, मग कोण करणार? यावर सुदैवानं चांगलं काम झालंय, आणि काही तर शेजारच्या गोव्यात. संगात संस्था १९९६ पासून तिथं आहे, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की डॉक्टर नसलेली, नीट शिकवलेली गावातली माणसं डिप्रेशनचे उपचार देऊ शकतात. मुलांच्या धसक्याबाबत झांबियात लुसाकाला मरे आणि सहकाऱ्यांनी २५७ मुलांवर बघितलं, २०१५ ला आलं, तिथं ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी देणारे समुपदेशक साधी स्थानिक माणसं होती आणि मुलांची लक्षणं बरीच खाली आली. पण लोक यातलं अर्धंच घेतात, ‘आशाताईला दोन दिवस ट्रेनिंग देऊ’. त्या अभ्यासांमध्ये दर आठवड्याला वरच्या माणसाशी बसून एकेका मुलावर बोलणं होतं. ते काढून टाकलं की जे उरतं त्याला कुठल्याच अभ्यासाचा आधार नाही. मी तीन जणींना शिकवलं, त्यातली एक अंगणवाडीताई माझ्यापेक्षा बरी निघाली, पण सोमवारी रात्री फोनवर तासभर आम्ही बसतोच, रेंज नसली तर ती टेकाडावर जाते.

आणि तिसरा उपयोग, ज्याला मी संशोधन म्हणते आणि प्राध्यापक म्हणत नाहीत. माझ्याकडं एक लांब वही आहे. मूल आलं की त्याची क्रीसची बेरीज, चार बैठकांनी परत, शेवटी परत, आणि सहा महिन्यांनी परत. शेजारच्या रकान्यात, किती बैठका झाल्या आणि का थांबल्या. हा शेवटचा रकाना मी पहिली काही वर्षं ठेवला नव्हता आणि मला वाटायचं माझी सगळी पोरं बरी होतात, कारण जी यायची बंद झाली ती मी मनातल्या मनात बरी झालेल्यांत धरत होते. रकाना घातल्यावर दिसलं की लावणीच्या दिवसांत आणि शिमग्याला पोरं गळतात, आणि लांबच्या वाडीतल्या मुली जास्त, कारण मुलीबरोबर एसटीनं यायला मोठं माणूस मोकळं नसतं. उपाय मानसशास्त्रातला नव्हता, बैठक शाळेत न्यायची आणि एसटीच्या टायमाला लावायची. ते दिसलं मात्र वहीमुळं.

उलट बाजूही सांगते. आपत्तीनंतर फॉर्म घेऊन फिरणारे फार असतात. महाड तालुक्यातल्या तळीयेला २०२१ ला दरडीखाली ऐंशीच्या वर माणसं गेली, अशा वेळी आसपासच्या गावांत जो येतो तो तेच विचारतो, घरात किती गेले, स्वप्नं पडतात का, आणि निघून जातो. पुढं उपचार द्यायची सोय नसेल तर प्रश्न विचारायचाच नाही, हा माझा नियम. आणि संशोधन म्हणून विचारणार असाल तर आई-बापाची लेखी संमती, आणि सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची सुद्धा, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांत आहे. पोर नाही म्हणालं तर नाही.

गोळ्यांचं विचारणारे खूप असतात म्हणून एका ओळीत, उपचारांचं मार्गदर्शन देणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेनं २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की १८ खालच्या मुलांना पीटीएसडीसाठी औषध देऊ नका. सोबत डिप्रेशन वगैरे असेल तर तो डॉक्टरचा वेगळा निर्णय.

आणखी एक, पुराबद्दल बोलता बोलता भलतंच बाहेर येऊ शकतं. छावणीत रात्री कुणीतरी हात लावला, मामाच्या घरी पाठवलं होतं तिथं काहीतरी झालं. असं कानावर आलं की ते पोक्सोमध्ये येतं, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा, आणि कळवणं बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांना विचारून बघू असं नाही. पोराला खोदून विचारू नका, जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, पोलिसांना कळवा, मुलांसाठीच्या हेल्पलाइनच्या १०९८ वरून मदत मिळते. साध्या सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.

आता तुमच्या त्या मुलीचं, जी जोराच्या पावसात येत नाही. आधी हजेरीपट काढा आणि तिच्या गैरहजेरीच्या दिवशी पाऊस किती होता ते शेजारी लिहा, खरंच पावसालाच येत नाही का ते बघा, कदाचित वाटेतला साकव बुडत असेल आणि आपण उगाच मानसशास्त्र लावत बसू. पावसाचंच निघालं तर घरी जा. पुराचा विषय काढू नका, आईला झोपेचं विचारा, रात्री उठते का, एकटी न्हाणीघरात जाते का, भांडकुदळ झालीय की फार गुणी झालीय. मग मला कळवा, आठ प्रश्न कसे विचारायचे ते फोनवर दाखवते, विचारल्यावर पुढं कोण बघणार ते आधी ठरवू आणि मगच विचारू. आणि पहिल्या दिवशी जाताना वही, पेन, फॉर्म काहीच नेऊ नका, ओटीवर बसून नुसता चहा पिऊन या.